पडलेली चालेल, बुडालेली नको : कोल्हापुरात जुनी ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकल घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात. उंची ५ फूट ५ इंच, सध्या १२५ सीसीची गाडी, रोजचे येणे-जाणे शहरातून महामार्गापर्यंत. सुट्टीच्या दिवशी गगनबावडा, राधानगरी, आंबा या बाजूंना आणि तिथल्या कच्च्या वाटांवर जाण्याची हौस आहे. हाताशी सव्वा लाख रुपये आहेत आणि दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक २०१९ ची रॉयल एनफिल्ड हिमालयन, शिरोळ तालुक्यातील, रनिंग ३८ हजार किलोमीटर; दुसरी २०२१ ची हिरो एक्सपल्स २००, पुणे पासिंग, रनिंग २१ हजार. कोणती घ्यावी, काय तपासावे आणि घेतल्यानंतर खर्च किती पडेल, असे त्यांनी विचारले आहे. दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठी असलेल्या या ड्युअल-स्पोर्ट प्रकारच्या गाड्या माझ्याकडे नियमित येतात, त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

सुरुवातीलाच माझे मत सांगतो. या दोहोंपैकी एक्सपल्स आधी पाहावी. हिमालयन वाईट आहे असे नव्हे. आपण दिलेल्या माहितीत दोन गोष्टी तिच्या विरुद्ध जातात, एक म्हणजे वजन आणि दुसरी म्हणजे वर्ष व गाव यांची जोडी. दुसऱ्या गोष्टीबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण कोल्हापूर, सांगली या भागांत जुनी गाडी घेताना तोच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे आणि गिऱ्हाईक नेमके त्याबद्दलच काही विचारत नाही.

आधी गाड्यांविषयी. हिमालयन ४११ ही २०१६ मध्ये बाजारात आली. २०१९ ची गाडी म्हणजे बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे आधीचे मानक), फ्यूएल इंजेक्शनची आणि दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, असलेली. ४११ सीसीचे इंजिन साधारण २४ पीएस शक्ती आणि ३२ न्यूटन-मीटर टॉर्क देते, म्हणजे घाटात मागे माणूस आणि सामान असतानाही वारंवार गिअर उतरवावा लागत नाही. सीटची उंची ८०० मिलिमीटर असल्याने आपल्या उंचीला ती सोयीची वाटेल. परंतु वजन १९० किलोंच्या पुढे आहे आणि ओल्या जांभ्या मातीवर, उतारावर, एकटे असताना ती आडवी झाली तर उचलताना घाम फुटतो. शिवाय त्या वर्षीच्या गाडीत मागचा एबीएस बंद करता येत नाही. ती सोय २०२० च्या बीएस-६ गाडीपासून आली. सुट्या खडीच्या उतारावर मागचे चाक थोडे अडकवून गाडी आवरण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हा फरक जाणवतो.

एक्सपल्स २०० ही मे २०१९ मध्ये आली. इंजिन १९९.६ सीसीचे, शक्ती १८ पीएसच्या आसपास, वजन १५५ किलोंच्या आगेमागे. पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची, जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला. सीट ८२३ मिलिमीटर उंच आहे, तेव्हा आपले दोन्ही पाय पूर्ण टेकणार नाहीत. पण गाडी हलकी असल्यामुळे एका पायावर सांभाळता येते. महामार्गावर ताशी ८० ते ८५ च्या पुढे ती ओढूनताणून चालते. पुण्याला दर आठवड्याला जाणाऱ्या माणसाला मी ती सुचवणार नाही. आपले रोजचे अंतर आणि सुमारे ५५ किलोमीटरवरचा गगनबावडा पाहता हा दोष आपल्याला फारसा बाधणार नाही. २०२१ ची गाडी दोन व्हॉल्व्हची आहे की चार, हे मात्र पाहून घ्यावे. चार व्हॉल्व्हचे मॉडेल त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आले, त्याची शक्ती १९ पीएसच्या थोडी वर आहे आणि वरच्या वेगात ते अधिक मोकळे चालते. दोन व्हॉल्व्हची बीएस-६ गाडी असली तरी बिघडत नाही. तिच्यात ऑईल कूलर आहे आणि रचना साधी आहे.

नावाच्या सारखेपणामुळे एक गफलत होते, तीही सांगून ठेवतो. एक्सपल्स २००टी ही वेगळी गाडी आहे. तिची चाके १७ इंची अलॉयची आहेत, उंची कमी आहे आणि ती पक्क्या रस्त्यासाठी बनवलेली आहे. जाहिरातीत कित्येकदा नुसते 'एक्सपल्स' लिहिलेले असते. दुसऱ्या टोकाला प्रो नावाचे मॉडेल आहे, त्याची सीट ८९१ मिलिमीटर उंच आहे. आपण त्याच्या वाटेला जाऊ नये. केटीएमची ३९० अॅडव्हेंचर या पैशांत दिसलीच, तर ती स्वस्त का आहे हा प्रश्न पहिला विचारावा. हिरो इम्पल्स ही २०११ ची जुनी १५० सीसीची गाडी अजूनही कुठेकुठे मिळते, ती चालवायला गोड आहे, परंतु सुटे भाग शोधण्याचा छंद असणाऱ्यांनीच घ्यावी.

आता पाण्याविषयी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे इथे शाळकरी मुलांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी धोका पातळीच्या दहा फुटांहून अधिक वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, शहरातील सखल पेठा आणि शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे पाण्याखाली गेली. त्या दिवसांत लोकांनी आधी माणसे आणि जनावरे हलवली, आणि तेच योग्य होते. गाड्या जागच्या जागी राहिल्या. त्यांतील पुष्कळ गाड्या नंतर धुऊन, तेल बदलून, बॅटरी टाकून सुरू झाल्या आणि आज त्या बाजारात आहेत. मालक लबाडच असतो असे नाही; कित्येकदा तो तिसरा किंवा चौथा मालक असतो आणि त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. २०१९ ची हिमालयन आणि शिरोळ तालुका ही जोडी पाहून माझ्या मनात शंका आली ती यामुळे. शंका म्हणजे निकाल नव्हे. गाडी पुराच्या आधी घेतलेली असली तरी ती त्या दिवसांत कुठे उभी होती, हे विचारल्यावर सरळ उत्तर मिळते की विषय बदलला जातो, एवढ्यावरूनही बरेच कळते.

ड्युअल-स्पोर्ट गाडी पडलेली असणारच. ती कच्च्या रस्त्यावर नेण्यासाठीच घेतात, आणि वळताना, दगडावर, चिखलात ती आडवी होते. लिव्हरचे टोक झिजलेले, हँडलच्या रबराला घासलेले, क्रॅश गार्डवर ओरखडे, आरसा बदललेला, हे पाहून घाबरू नये; उलट त्या नावाखाली भाव पाडून घ्यावा. उभ्या उभ्या किंवा हळू चालताना पडलेल्या गाडीचे नुकसान बाहेरच राहते. बुडालेल्या गाडीचे नुकसान आत असते आणि ते हप्त्याहप्त्याने बाहेर येते. पहिल्या वर्षी चाकाचे बेअरिंग वाजते, पुढे स्टार्टर रिले दगा देतो, मग पावसाळी संध्याकाळी गाडी मध्येच बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही न करता चालू होते, आणि असा दोष शोधताना मेकॅनिकचाही जीव मेटाकुटीला येतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर आणि त्यांचे कनेक्टर यांची संख्या मोठी असते. पुराचे पाणी नुसते पाणी नसते, त्यात बारीक गाळ असतो. हा गाळ कनेक्टरच्या पिनांमध्ये बसला की तांब्यावर हिरवट थर धरतो आणि तो वायरीच्या आवरणाखालून आत आत सरकत जातो.

म्हणून तपासणीची सुरुवात इंजिनच्या आवाजापासून करू नका. सीट काढा. फ्यूजच्या डबीचे झाकण उघडा, दोन-तीन कनेक्टर हलक्या हाताने सोडवा आणि पिना चकचकीत आहेत का ते पाहा. सीटच्या खालच्या बाजूने फोमला बोट लावून वास घ्या. कुबट वास धुण्याने जात नाही. बाजूच्या प्लास्टिकच्या पॅनेलचे स्क्रू काढून त्यांच्या मागच्या कोपऱ्यांत, हॉर्नच्या आत, हेडलाइटच्या काचेच्या आतल्या कडेला मोबाइलची बॅटरी मारा. पिठासारख्या मातीची सरळ आडवी रेघ दिसली तर पुढचे काही पाहू नका. घाटातला चिखल खालून वर उडतो, त्याचे शिंतोडे अस्ताव्यस्त असतात. साचलेले पाणी आपली पातळी लिहून ठेवते. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडून आत प्रकाश टाका, वरच्या आतल्या पत्र्यावर गंज असेल तर टाकी बराच काळ ओली राहिली आहे. मीटरच्या काचेत आतून धुके धरलेले असले तरी तेवढ्यावरून निर्णय घेऊ नये, कारण इथल्या पावसात चांगल्या गाडीच्या मीटरमध्येही ते कधी कधी येते. सर्व्हिसची नोंद मागा. ऑगस्ट-सप्टेंबर २०१९ किंवा त्यानंतर २०२१ च्या त्याच महिन्यांत वायरिंग, स्टार्टर मोटर, सीट, बेअरिंगे असे सगळे एकदम बदललेले दिसले, तर अर्थ उघड आहे. पुण्याची एक्सपल्सही या तपासणीतून सुटू नये; गाडीचे पासिंग कुठले आहे यावरून ती कुठे उभी होती हे ठरत नाही.

पाण्याची शंका फिटली की पुढच्या चाकाकडे या. या प्रकारच्या गाडीची खरी कथा तिथे असते. गाडी मधल्या स्टँडवर किंवा इंजिनखाली लाकडी ठोकळा लावून पुढचे चाक अधांतरी करा. चाक फिरवून रिमच्या कडेला पेन धरा. रिम वाकडी असेल तर अंतर कमी-जास्त होताना दिसते. थोडा फरक चाकाच्या तारा (स्पोक) ओढून निघतो. परंतु रिमच्या काठाला दगडाचा खड्डा पडला असेल तर ती बदलण्याचा खर्च धरावा. तारा एकेक करून पान्याने हलक्या ठोकून पाहा, सैल तार बद्द वाजते. त्याच स्थितीत हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. मध्यावर, म्हणजे चाक सरळ असताना, हँडल एखाद्या खाचेत बसल्यासारखे अडत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंगे, गेला आहे. २१ इंची चाक आणि लांब फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या शॉकच्या दोन नळ्या) असलेल्या गाडीत हा भाग लवकर झिजतो. बदलणे अवघड नाही, मात्र न बदलता चालवल्यास घाटातल्या वळणावर गाडी आपल्या मनाने जाते. मग फोर्कची दोन्ही टोके धरून पुढे-मागे हलवा, आणि मागे जाऊन चिमटा (मागचे चाक धरणारा स्विंगआर्म) आडवा हलवून बुशमधला ढिलेपणा पाहा.

फोर्कच्या चकचकीत नळीवरून नख फिरवा. बारीक खड्डे किंवा गंजाचे ठिपके लागले तर नवीन ऑईल सील घातले तरी ते थोड्याच दिवसांत पुन्हा गळेल. दोन्ही फोर्क एकमेकांना समांतर आहेत का, हे गाडीसमोर चार पावले मागे जाऊन, खाली बसून पाहावे. जोरात समोरून आदळलेल्या गाडीचे फोर्क प्रेसवर सरळ करून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत आणि ते काम सफाईने करतात. म्हणूनच नजर पुढे फ्रेमच्या मानेकडे न्यावी. तिथला रंग सुरकुतलेला, नव्याने मारलेला किंवा वेल्डिंगची रेघ कंपनीच्या रेघेपेक्षा जाड असेल तर ती गाडी सोडून द्यावी. फूटरेस्टचे ब्रॅकेट आणि मागचे सामानाचे कॅरिअर जिथे फ्रेमला जोडले आहे, त्या जागीही चिरा शोधाव्यात, विशेषतः आधीच्या मालकाने दोन्ही बाजूंना जड पेट्या लावून लांबचे प्रवास केले असतील तर. चेसिस क्रमांक स्वतः वाचून आरसीशी जुळवावा.

इंजिनखालची बॅश प्लेट चेपलेली असणे हे तिने आपले काम केल्याचे लक्षण आहे. तिच्या आत मात्र हात घालून तेल काढण्याचा बोल्ट आणि त्याभोवतीचे कवच तपासा. एअर फिल्टर काढून पाहण्याचा आग्रह धरा. फिल्टर मळका असणे क्षम्य आहे. त्याच्या पलीकडे, इंजिनकडे जाणाऱ्या नळीत बोटाला धूळ लागली तर ती धूळ सिलिंडरमध्ये गेली आहे आणि अशा इंजिनचे किलोमीटर मीटरवर लिहिलेल्यापेक्षा जास्त समजावेत. मीटरवरच्या आकड्यापेक्षा गिअर लिव्हरचे रबर, फूटरेस्टचे दात, ब्रेकच्या डिस्कची झीज यांवर विश्वास ठेवावा. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, ती मोजता येते. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २०२१ च्या गाडीचे मूळ टायर अजून असतील तर त्यांची नक्षी शिल्लक असूनही रबर कडक झालेले असेल आणि ओल्या डांबरावर ते घसरतील.

मालकाला आधीच सांगावे की आम्ही येण्यापूर्वी गाडी चालू करू नका, आणि पोहोचल्यावर इंजिनला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. इग्निशन चालू केल्यावर इंजिनचा इशारा देणारा दिवा आणि एबीएसचा दिवा, दोन्ही लागले पाहिजेत. पहिला इंजिन सुरू झाल्यावर आणि दुसरा गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. मुळात न लागणारा दिवा हा सतत लागणाऱ्या दिव्याइतकाच संशयास्पद आहे, कारण दोष लपवण्यासाठी तो काढून टाकण्याची युक्ती जुनी आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. सकाळच्या थंडीतली पांढरी वाफ दोन मिनिटांत जाते, तिची चिंता नको. तेल दुधाळ दिसले तर ते पाणी आहे. बॅटरीचा व्होल्टेज बंद गाडीत साडेबाराच्या वर आणि चालू गाडीत साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असावा. साधा मल्टिमीटर बरोबर न्यावा.

चालवून पाहण्यासाठी कॉलनीतल्या दोन फेऱ्या पुरेशा नाहीत. शक्य असेल तर रत्नागिरी रस्त्याने वाघबीळपर्यंत आणि तिथून पन्हाळ्याच्या चढाला गाडी न्यावी. चढावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगातून एकदम अॅक्सिलरेटर द्यावा. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी त्या मानाने ओढली नाही, तर क्लच प्लेट संपल्या आहेत. सपाट रिकाम्या जागी हँडलवरची पकड सैल सोडून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. फूटरेस्टवर उभे राहून खडबडीत तुकडा पार करावा, कारण उभे राहिल्यावर पायांतून मागचे सस्पेन्शन जसे कळते तसे बसून कळत नाही. खाली येताना फक्त इंजिनच्या ब्रेकवर उतरावे आणि तळाला पोहोचून अॅक्सिलरेटर देताना मागे निळा धूर येतो का, हे बरोबर नेलेल्या माणसाने पाहावे.

कागदपत्रांत घाई करू नये. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० लागतात, कर्ज असल्यास बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि वित्तसंस्थेचा ना-हरकत दाखला लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. पुण्याची गाडी राज्यातलीच असल्याने नव्या नोंदणी क्रमांकाचा किंवा पुन्हा रस्ता कर भरण्याचा प्रश्न येत नाही. निपाणी, चिकोडी, बेळगावकडच्या कर्नाटक पासिंगच्या गाड्या इथे स्वस्त मिळतात, त्यांचे गणित वेगळे आहे. तिथला ना-हरकत दाखला, इथला कर आणि नवी नोंदणी धरली की स्वस्ताई बहुधा संपते. थकीत ई-चलने गाडीच्या क्रमांकावर ऑनलाइन पाहता येतात, ती मालकानेच भरावीत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का तेही पाहावे. २०१९ च्या हिमालयनबाबत नोंदणीची नेमकी तारीख त्यासाठी विचारा.

विमा ही गोष्ट बहुतेक लोक 'चालू आहे ना' एवढ्यावर सोडतात. पॉलिसी मालकी बदलल्यापासून १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. पॉलिसी त्याच्याच नावावर ठेवून फिरलात तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो आणि मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षणही आपल्याला लागू होत नाही. विमा कंपनीकडे पूर्वीच्या दाव्यांची चौकशी मालकामार्फत जरूर करावी. पुरातला दावा असेल तर तो तिथे उघड होतो.

पैशांविषयी माझा सल्ला असा की सव्वा लाखांपैकी एक लाख पाच हजारांच्या वर गाडीला देऊ नयेत. उरलेले वीस हजार पहिल्या तीन महिन्यांत लागणार आहेत असे गृहीत धरा: दोन टायर आणि ट्यूब, चेन-स्प्रॉकेटचा संच, फोर्कचे सील आणि तेल, कोनसेट, ब्रेक पॅड, ब्रेकचे तेल, नामांतराचा खर्च. सगळेच लागेल असे नाही, पण मालक 'काहीच काम नाही' म्हणाला तरी यातले निम्मे निघतेच. उरले तर चांगले हेल्मेट आणि घोट्यापर्यंत येणारे बूट घ्यावेत, वरचे दिवे आणि स्टिकर नंतर.

कोल्हापुरात अशी गाडी बाळगण्याचा एक मोठा फायदा म्हणजे उद्यमनगर, शहरातली यंत्रकामाच्या कारखान्यांची वसाहत. लेथवर बुश करून घेणे, बॅश प्लेट जाड पत्र्याची बनवणे, सामानाचे कॅरिअर, मोडलेल्या ब्रॅकेटचे वेल्डिंग, लिंकेजच्या (मागच्या सस्पेन्शनच्या जोडदांड्यांच्या) पिना, ही कामे इथे उत्तम आणि वाजवी होतात, आणि कंपनीच्या भागासाठी आठवडे थांबावे लागत नाही. तरीही काही गोष्टी तिथे बनवून घेऊ नयेत असे मी आग्रहाने सांगतो. चाकाचा अॅक्सल, ब्रेकची डिस्क, हँडल क्लॅम्पचे बोल्ट यांचे पोलाद आणि उष्णता प्रक्रिया ठरावीक असते. दिसायला तसाच केलेला भाग तुटतो तेव्हा पूर्वसूचना देत नाही. गाडी बुटकी करण्यासाठी लिंक बदलून देण्याची मागणीही नेहमी येते. त्याने सस्पेन्शनची रचना बिघडते आणि गाडी साइड स्टँडवर जास्त उभी राहून पलटण्याची भीती वाढते. आपल्या उंचीला सीटचा फोम पुढून अरुंद आणि थोडा कमी करून घेणे पुरेसे आहे. मूळ फोम जपून ठेवावा.

देखभालीचे वेळापत्रक मी पुस्तकातल्या किलोमीटरपेक्षा इथल्या ऋतूंवर बसवतो. मृग लागण्यापूर्वी, म्हणजे मेच्या अखेरीस, कोनसेट, चिमट्याचे बुश, लिंकेज आणि दोन्ही अॅक्सल उघडून ग्रीस भरावे, कनेक्टरांना सुरक्षा फवारा मारावा, ब्रेक पॅड नवे नसतील तर बदलावेत. गगनबावड्याकडच्या तांबड्या चिखलात वाळूसारखे कण असतात आणि त्यात पॅड पाहता पाहता झिजतात. पावसाळ्यात निम्मे राहिलेले पॅड लांबच्या फेरीला पुरतील असे समजू नये. दुसरी मोठी तपासणी खंडेनवमीच्या सुमारास करावी. गाडी पुजण्यासाठी धुतली जातेच, तेव्हा एअर फिल्टर, इंजिन तेल, तारांचा ताण आणि चेन यांचा हिशेब त्याच दिवशी होऊन जातो. मधल्या काळात चेन दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात प्रत्येक फेरीनंतर, पुसून तेल द्यावे. उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा चाकाच्या मध्यावर आणि कोनसेटवर थेट मारू देऊ नये. धुणाऱ्या मुलाला हे प्रत्येक वेळी सांगावे लागते.

२१ इंची पुढच्या चाकाची ट्यूब गावोगावच्या पंक्चरवाल्याकडे नसते. स्वतःची एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि अॅक्सलचा पाना बरोबर ठेवावा, आणि चाक काढून ट्यूब बदलण्याची तालीम घरी अंगणात एकदा करावी. चिखलात हवा थोडी कमी केल्याने पकड वाढते, पण ट्यूब असलेल्या चाकात ती फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब चिमटते आणि दोन समांतर भोके पडतात.

ओढ्यातून जाताना पाणी एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत येण्याइतके खोल आहे का, हे आधी पायी उतरून पाहावे. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर दाबण्याचा मोह आवरावा. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर रेटला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावेच लागते. गाडी ढकलून बाहेर काढावी, प्लग काढावा, मगच इंजिन फिरवून पाणी बाहेर जाऊ द्यावे, आणि तेल दुधाळ झाले असेल तर सुरू न करता बदलावे. पेट्रोलमध्ये आता इथेनॉलचे प्रमाण वाढले आहे आणि इथेनॉल हवेतली ओल शोषते, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवू नये. बीएस-४ काळातल्या गाड्या २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या नाहीत, तेव्हा हिमालयन घेतलीच तर पेट्रोलच्या नळ्या आणि रबरी सील वर्षातून एकदा तपासावेत.

रात्रीच्या प्रवासाबद्दल एकच सांगतो. गळीत हंगामात, दिवाळीच्या आसपासपासून पुढे चार-पाच महिने, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना रस्त्यावर असतात आणि वळणांवर पाला व चिखल सांडलेला असतो. कच्च्या रस्त्यासाठीचे खोल खाचांचे टायर या ओल्या पाल्यावर साध्या टायरपेक्षा लवकर घसरतात. आपला रोजचा रस्ता डांबरी आहे, म्हणून टायर निवडताना निम्मे-निम्मे वापराचे घ्यावेत, पूर्ण चिखलाचे घेऊ नयेत.

गाडी ठरली की व्यवहाराचा क्रम असा ठेवावा: थोडी विसार रक्कम लेखी पावतीवर, मग आपल्या विश्वासातल्या मेकॅनिककडून लिफ्टवर तपासणी, मग ऑनलाइन हस्तांतरणाचा अर्ज मालकाच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीसह पूर्ण करणे, आणि त्यानंतर बँकेमार्फत उरलेली रक्कम. दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसच्या नोंदी आणि मालकाने काढून ठेवलेले मूळ भाग, म्हणजे जुना सायलेन्सर, आरसे, सीट, हे सगळे त्याच वेळी मागून घ्यावे. बाहेरचा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलेला असेल आणि मूळ सायलेन्सर मिळत नसेल, तर नव्या सायलेन्सरची किंमत सौद्यातून वजा करावी. पोलिसांनी अडवल्यावर आणि पुढे आपण गाडी विकताना तो लागणारच आहे.